वन राहिले, वनकामगार गेले

जंगलखाते हा शब्द आपल्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खानापूर-जोयड्याच्या रानातून ओंडके भरून येणारी गाडी, नाक्यावर होणारी तिची तपासणी, ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने उठवलेला सरकारी शिक्का, हे सारे आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतले आहे. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली, तेव्हापासून सरकार हा आपल्याकडे रानाचा मालक, राखणदार आणि व्यापारी, असा तिन्ही नात्यांनी वावरत आला आहे. या तीन नात्यांत एक चौथे नाते नकळत मिसळते. सरकार हा रानातल्या माणसांचा धनीही असतो. आज जी हकीकत मी आपल्याला सांगणार आहे ती या चौथ्या नात्याची आहे. ती घडली दूरच्या न्यूझीलंडात. परंतु तिचा पहिला धागा मात्र हिंदुस्थानातून गेलेला आहे.

न्यूझीलंडमध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांनी गवताच्या कुरणांसाठी रानेच्या राने जाळली व तोडली. हे असेच चालले तर पुढे लाकूड कोठून आणायचे, असा प्रश्न ज्यूलियस व्होगेल या मुत्सद्द्याला पडला आणि त्याने १८७४ साली वनांचा पहिला कायदा संमत करून घेतला. कायदा झाला, पण तो राबवणारा जाणता माणूस तेथे नव्हता. तेव्हा १८७६ साली आपल्या मद्रास इलाख्याच्या वनखात्यातील कॅप्टन इंचेस कॅम्बेल वॉकर यांना तेथे वनसंरक्षक म्हणून बोलावण्यात आले. वॉकर यांनी देश पाहिला व सविस्तर अहवाल सादर केला. सरकारने रान राखावे, लावावे आणि त्याचे उत्पन्न घ्यावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पण मंत्रिमंडळ बदलले, खर्चाचा प्रश्न निघाला आणि वर्ष-दीड वर्षातच ती जागा बंद झाली. पुढे १८८५ साली नवा कायदा होऊन टॉमस कर्क या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे वनांचा कारभार आला. मंदीचे दिवस आले, काटकसरीची कात्री निघाली आणि १८८८ पर्यंत कर्कही घरी बसले. म्हणजे न्यूझीलंडच्या सरकारी वनांतील पहिली नोकरकपात ही मजुरांची नव्हती; ती खात्याच्या मुख्याचीच होती, आणि तीही दोनदा. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण झाड तयार व्हायला पाव शतक लागते आणि सरकारचे अंदाजपत्रक दर वर्षी मांडावे लागते. या दोन घड्याळांचा मेळ बसत नाही, हीच पुढल्या साऱ्या कथेची कळ आहे.

एकोणिसावे शतक सरता सरता सरकारला पुन्हा जाग आली. १८९७ च्या सुमारास सरकारी रोपवाटिका सुरू झाल्या. उत्तर बेटाच्या मध्यभागी, रोटोरुआ नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या प्रदेशात, १९०१ सालापासून वायोटापू येथे कैद्यांकडून झाडे लावून घेण्यात आली. तेथून जवळच कायंगारोआ नावाचे विस्तीर्ण पठार आहे. ज्वालामुखीच्या राखेने व हलक्या सच्छिद्र दगडाने भरलेली ही भूमी. तिच्यावर गुरे चरायला सोडली तर ती काही काळाने खंगून मरत. त्या मातीत कोबाल्ट हे द्रव्य फार अल्प आहे, हे कारण १९३० नंतरच्या दशकात कळले. तोवर शेतकऱ्यांनी ही जमीन टाकाऊ ठरवली होती, आणि टाकाऊ म्हणूनच ती वनांच्या वाट्याला आली. तेथील माओरी लोकांच्या दृष्टीने ती टाकाऊ नव्हती, ती त्यांच्या वाडवडिलांची भूमी होती. हा मुद्दा पुढे आपोआप येणार आहे.

१९१९ साली वनांचे स्वतंत्र सरकारी खाते स्थापन झाले. १९२० साली लिऑन मॅकिन्टॉश एलिस हे कॅनडाचे तरुण वनशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख झाले. त्यांनी देशातल्या सगळ्या रानांची मोजदाद करवली. देशी वृक्षांचे इमारती लाकूड आणखी चाळीस-पन्नास वर्षांत संपुष्टात येईल, असा हिशोब निघाला. त्यावर उपाय म्हणून १९२५ साली दहा वर्षांत ३,००,००० एकर नवी लागवड करण्याचे ठरले. निवडलेले मुख्य झाड होते रेडिआटा पाइन. मूळचे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे हे झाड आपल्या गावी वेडेवाकडे व खुरटे वाढते, पण न्यूझीलंडच्या हवापाण्यात सरळ आणि झपाट्याने वाढून पंचवीस-तीस वर्षांत तोडीला येते. पुढे जगभर मंदी आली. हजारो बेकार माणसांना सरकारने दुष्काळी कामांसारख्या मदतकार्यावर पाठवले, आणि त्यांपैकी कित्येकांनी कायंगारोआच्या गार वाऱ्यात तंबूंतून राहून ही रोपे लावली. आज ज्या वनाची गणना जगातल्या मोठ्या मानवनिर्मित वनांत होते, ते असे कैद्यांच्या आणि बेकारांच्या हातांनी उभे राहिले. बेकारांना काम देण्यासाठी लावलेले रान, ही गोष्ट आपण विसरू नये.

झाडे वाढली. १९३९ ते १९६१ या काळात अलेक्स एन्ट्रिकन हे खात्याचे प्रमुख होते. लाकूड तोडून नुसते विकण्यापेक्षा त्यावर आधारलेला मोठा उद्योग देशातच उभारावा, असा त्यांचा ध्यास होता. त्यातून कावेराऊ येथे कागद व लगदा यांचा कारखाना निघाला आणि १९५५ साली त्याचे उत्पादन सुरू झाले. त्याला लाकूड पुरवण्यासाठी रानाच्या काठाला मुरुपारा हे गाव वसवले गेले, १९५७ साली तेथवर रेल्वे आली. दांडेलीचा कागदाचा कारखाना निघाला तोही याच दशकात. त्यामुळे एखादे गाव एका कारखान्यावर आणि कारखाना एका रानावर कसा तोलून राहतो, हे आपल्या सीमाभागातील श्रोत्यांना वेगळे सांगायला नको.

कायंगारोआ, मुरुपारा, मिन्गिनुई ही अशी वनगावे. मिन्गिनुई तर फिरिनाकीच्या देशी रानाच्या कुशीत, रस्ता जेथे संपतो तेथे, खात्यानेच वसवलेले. घर खात्याचे, काम खात्याचे, रस्ता खात्याने केलेला. बापाच्या मागोमाग मुलगा कामावर लागे. रोप लावणे, फांद्या छाटणे, विरळणी करणे, आग विझवणे, ओंडके ओढणे, ही सारी कामे शिकावी लागतात, आणि ती शिकवणारी शाळा म्हणजे हे खातेच होते. या कामगारांत माओरी लोकांचा भरणा मोठा होता. जमीन पूर्वजांची, हाती आलेली मजुरी सरकारची, अशी ती स्थिती होती. न्गाती मानावा आणि न्गाती फारे या जमातींच्या लोकांनी आपल्याच डोंगरदऱ्यांत रोजंदारीवर काम केले, आणि तरीही त्या कामाचा त्यांना अभिमान होता. ज्याला घाम गाळावा लागतो त्याला त्या कामाची लाज वाटत नाही, हा सर्वत्र अनुभव आहे.

आता या खात्याचा जमाखर्च पाहू. जमेच्या बाजूला लाकडाची विक्री. खर्चाच्या बाजूला मात्र नाना प्रकारच्या गोष्टी. वणव्यावर पहारा, डोंगरांतील पायवाटा व प्रवाशांसाठी बांधलेल्या झोपड्या, रान खाऊन टाकणाऱ्या हरणांची शिकार, संशोधन, धूप थांबवण्यासाठी लागवड आणि बेकारीच्या दिवसांत सरकारने पाठवलेल्या माणसांना काम देणे. सरकारच सांगे, यांना कामावर घ्या; आणि वर्षअखेर सरकारचेच अर्थखाते विचारी, तूट का आली? खात्याच्या वहीत एक गाव जगवण्याचा खर्च हा लाकूड तोडण्याच्या खर्चाच्याच रकान्यात पडत होता. त्यामुळे लाकडाचा धंदा खरोखर किती फायद्याचा व गाव जगवण्याला खरोखर किती पैसा लागतो, हे दोन्ही कुणालाच नेमके सांगता येत नसे.

तेव्हा टीकाकारांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. एकाच माणसाने राखणदार, व्यापारी आणि अन्नदाता व्हायचे म्हटले तर कोणत्याच कामाचा जाब त्याला नीट विचारता येत नाही, हा अर्थखात्याचा मुद्दा बिनतोड होता. दुसरीकडे निसर्गप्रेमी मंडळी होती. देशी रानांची तोड थांबवावी म्हणून त्यांनी काढलेल्या अर्जावर १९७७ साली तीन लाख चाळीस हजारांहून अधिक सह्या झाल्या होत्या. १९७८ साली प्युरिओरा येथे काही तरुण तोडीला आलेल्या झाडांवर चढून बसले. ज्या हाताने तोडायचे त्याच हाताने राखायचे हे कसे जमावे, असा त्यांचा सवाल होता. हाही मुद्दा खोडून काढण्याजोगा नव्हता. अशा रीतीने पैसा मोजणारे आणि झाडे जपणारे असे एरवी कधी एकत्र न येणारे दोन पक्ष एका मागणीवर एक झाले. खाते मोडा, ही ती मागणी. मिन्गिनुईचे करवतीवर काम करणारे लोक या दोन पक्षांच्या मध्ये सापडले. रान राखू पाहणाऱ्या शहरी पाहुण्यांशी त्यांचे खटके उडाले. कारण पाहुण्यांचे रान हेच यांचे पोट होते.

जुलै १९८४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. डेव्हिड लाँगी पंतप्रधान झाले, रॉजर डग्लस अर्थमंत्री. मजुरांच्या नावाने निवडून आलेल्या पक्षाने सरकारी उद्योगांना खाजगी धंद्याची शिस्त लावण्याचे काम हाती घ्यावे, हा इतिहासातला एक विलक्षण प्रसंग होय. देशाच्या डोक्यावर कर्ज चढले होते, चलनाचे अवमूल्यन करावे लागले होते, हेही खरे. १९८५ साली वनखात्याचे विभाजन जाहीर झाले आणि डिसेंबर १९८६ मध्ये सरकारी उद्योगांविषयीचा कायदा संमत झाला.

श्रोतेहो, इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला या कायद्यातील दोन वाक्यांकडे आपले लक्ष वेधायचे आहे. पुढे जे झाले ते या दोन वाक्यांच्या वजनावर झाले.

पहिले वाक्य चौथ्या कलमातले. सरकारी उद्योगाचे मुख्य उद्दिष्ट यशस्वी धंदा करणे हे असेल, तो खाजगी धंद्याइतकाच फायदेशीर व कार्यक्षम असावा. तो चांगला मालक असावा. आणि ज्या समाजात तो काम करतो त्याचे हित त्याने, शक्य असेल तेव्हा, पाहावे, असा त्या कलमाचा आशय आहे. ‘शक्य असेल तेव्हा’ हे शब्द नीट ऐकून ठेवावेत. सातव्या कलमात आणखी एक दार ठेवले होते. धंद्याला न परवडणारे एखादे लोकोपयोगी काम सरकारला उद्योगाकडून करवून घ्यायचे असेल तर सरकारने त्याचे पैसे मोजून द्यावेत. विचार म्हणून हे कलम उत्तम आहे. गाव जगवायचे असेल तर त्याची किंमत उघडपणे ठरवा आणि ती द्या. ती लाकडाच्या हिशोबात लपवू नका. परंतु हे दार उघडायचे ते सरकारने, आणि सरकार तर खर्च कमी करण्यासाठीच हा सारा खटाटोप करीत होते.

दुसरे वाक्य नवव्या कलमातले. १८४० साली ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात वायटांगी येथे तह झाला होता. त्या तहाच्या तत्त्वांशी विसंगत असे कोणतेही कृत्य करण्याची मुभा या कायद्याने सरकारला मिळणार नाही, असे हे कलम म्हणते. ते मूळ मसुद्यात नव्हते. सरकारी जमिनी एकदा कंपन्यांच्या हाती गेल्या की त्यांवरील आमचे जुने दावे कायमचे बुडतील, अशी भीती माओरी लोकांनी वेळीच व्यक्त केली, वायटांगी न्यायाधिकरणाने तसा इशारा दिला आणि कायदा संमत होण्यापूर्वी हे वाक्य त्यात घालण्यात आले. या वाक्यात ‘शक्य असेल तेव्हा’ असे काही नाही.

१९८७ चा मार्चअखेर उजाडला. वनखाते संपले. १ एप्रिलपासून व्यापारी वने नव्या वनमहामंडळाकडे गेली, देशी राने निसर्गसंवर्धन खात्याकडे गेली आणि धोरणापुरते एक छोटे मंत्रालय उरले. जुन्या खात्याचे शेवटचे प्रमुख अँडी कर्कलंड हेच महामंडळाचे पहिले मुख्याधिकारी झाले. म्हणजे छाटणी करणारा कोणी परका नव्हता, रानात वाढलेला वनशास्त्रज्ञच होता. जुन्या खात्यात सुमारे ७,००० माणसे कामाला होती. महामंडळाने आपल्याकडे घेतली ती ३,००० हूनही कमी. काही निसर्गसंवर्धन खात्यात गेली. उरलेल्यांना भरपाईची रक्कम देऊन कामावरून कमी करण्यात आले. लागवड, छाटणी, तोड ही रोजंदारीची कामे बहुतेक कंत्राटदारांकडे सोपवली गेली. कालचा कामगार आज टोळीचा कंत्राटदार झाला. भरपाईच्या पैशातून करवत व गाडी घेऊन त्याने तेच काम, त्याच झाडांखाली, दर ठरवून करायचे. काहींना ते साधले. पुष्कळांना साधले नाही. ज्याने उभ्या आयुष्यात कधी निविदा भरली नाही, त्याने एका महिन्यात व्यापारी व्हावे ही अपेक्षा जरा जास्तच होती.

महामंडळाचा हिशोब मात्र सुधारला. जेथे तूट होती तेथे शिल्लक दिसू लागली. त्याच रानातून, कमी माणसांनी, अधिक काम निघाले. ज्यांनी हा बदल सुचवला होता त्यांनी हे आकडे समाधानाने दाखवले, आणि ते आकडे खोटे नव्हते.

पण आकडा खरा असणे आणि हिशोब पुरा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुरुपाऱ्याचा माणूस महामंडळाच्या पगारपत्रकावरून उतरला तो नाहीसा झाला नाही. तो समाजकल्याण खात्याच्या यादीवर चढला. तेथला भत्ताही सरकारच देत होते. एका खिशातला खर्च दुसऱ्या खिशात गेला. फरक एवढाच की पूर्वी त्या पैशाच्या मोबदल्यात झाडे लावली जात होती, आता काहीच होत नव्हते. ज्यांना जाता आले ते शहरांत गेले. ज्यांची जमीन, थडगी आणि म्हातारी माणसे तेथे होती, ते राहिले. मिन्गिनुईवर तर दुहेरी आघात झाला. देशी झाडांची तोड थांबली, खाते गेले आणि १९८८ साली लाकडाची गिरणीही बंद पडली. खात्याने बांधलेली वसाहत, तिचे पाणी, रस्ते, गटारे, यांचा भार पुढे न्गाती फारे लोकांच्या अंगावर येऊन पडला. साऱ्या देशात १९९२ च्या सुमारास बेकारी शेकडा दहा-अकरापर्यंत चढली होती; माओरी लोकांत ती शेकडा पंचवीसच्या आसपास होती. सगळा दोष वनांच्या छाटणीचा नव्हे. रेल्वे, टपाल, कोळशाच्या खाणी, कारखाने, सगळीकडेच हे चालले होते. पण शहरात एक दार लागले तर दुसरे ठोठावता येते. वनगावात दारच एक होते.

आता दुसऱ्या वाक्याचे काय झाले ते पाहा. नवव्या कलमाच्या आधारे न्यूझीलंड माओरी परिषदेने सरकारवर दावा लावला. जून १९८७ मध्ये अपील न्यायालयाने, सर रॉबिन कुक यांच्या अध्यक्षतेखाली, परिषदेच्या बाजूने निकाल दिला. माओरी दाव्यांचे रक्षण करणारी व्यवस्था केल्याखेरीज सरकारला जमिनी अशा हस्तांतरित करता येणार नाहीत, असे ठरले. त्याचा परिणाम म्हणून १९८९ चा सरकारी वनमालमत्तेचा कायदा झाला. सरकारने झाडे विकावीत, जमीन विकू नये. जमिनीचे भाडे विश्वस्त निधीत साठत राहावे, आणि दावा सिद्ध झाला की जमीन व साठलेले भाडे हक्कदारांना मिळावे, अशी ती व्यवस्था. यानंतर वने एकामागून एक खाजगी कंपन्यांकडे गेली. कायंगारोआचे रान असलेली सरकारी कंपनी १९९६ साली २०० कोटींहून अधिक न्यूझीलंड डॉलरला एका व्यापारी गटाने घेतली. तो व्यवहार त्यांना पेलला नाही आणि २००१ साली तो धंदा कर्ज देणाऱ्यांच्या ताब्यात गेला. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या निधीने ते रान विकत घेतले. वर झाडांचे मालक असे बदलत होते. खाली जमीन मात्र जागच्या जागी होती. अखेर २००८ साली मध्य उत्तर बेटावरील सुमारे १,७६,००० हेक्टर वनभूमीचा समझोता झाला आणि १ जुलै २००९ रोजी ती जमीन, वीस वर्षांच्या साठलेल्या भाड्यासह, माओरी जमातींच्या संयुक्त संस्थेच्या स्वाधीन झाली.

म्हणजे एकाच कायद्यातले दोन समूह. एकाचे रक्षण करणारे वाक्य ठाम होते. त्यामुळे विक्रीव्यवहार होऊनही बावीस वर्षांनंतर भूमी परत मिळाली. दुसऱ्याचे रक्षण करणारे वाक्य ‘शक्य असेल तेव्हा’ या शब्दांवर टेकलेले होते. ते पहिल्याच दिवशी खचले. आणि कठीण गोष्ट ही की पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच घराला लागू होती. ज्या कुटुंबाची भूमी वाचली, त्याच कुटुंबातील बापाचे काम गेले. भूमी परत आली तेव्हा त्या बापाला ती पाहायला मिळालीच असेल असे नाही. बावीस वर्षे म्हणजे रेडिआटा पाइन जवळजवळ तोडीला येण्याइतका काळ आहे. पण माणसाच्या कर्त्या वयाचाही तो बहुतेक सगळा काळ आहे.

एक प्रश्न विचारला जाईल. मग तोट्यातले खाते तसेच चालू ठेवायचे होते काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. जमाखर्च वेगळा करणे योग्यच होते. परंतु वेगळा केल्यावर दोन्ही वह्या उघडून ठेवायला हव्या होत्या. लाकडाची वही उघडून ‘एवढा फायदा’ असे वाचून दाखवले गेले. गावाची वही कुणी लिहिलीच नाही. गाव जगवण्याची किंमत फार असेल तर ती न देण्याचा निर्णय घेण्याचा लोकसभेला अधिकार आहे. पण निदान ती किंमत मोजून, मोठ्याने वाचून, मग तो घ्यावा. न मोजलेला खर्च हा वाचलेला खर्च नव्हे.

कंत्राटी पद्धतीचाही एक हिशोब पुढे निघाला. २०१३ या एका वर्षात न्यूझीलंडच्या वनांत काम करताना १० माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा त्या धंद्यातील सुरक्षिततेची स्वतंत्र चौकशी झाली आणि २०१४ साली तिचा अहवाल आला. जुन्या खात्यातही अपघात होत. वृक्षतोड हे काम सर्वत्रच जिवावरचे. पण नवशिक्याला कोण शिकवणार आणि दमलेल्याला कोण थांबवणार, हे प्रश्न छोट्या टोळ्यांच्या कामात अधिक अवघड होतात. शाळा बंद केल्यावर शिकवण्याचा खर्च वाचतो खरा. न शिकलेल्याचा खर्च वेगळ्याच ठिकाणी मांडावा लागतो.

२०१२ साली न्गाती फारे लोकांच्या दाव्यांचा समझोता कायद्याने पक्का झाला. मिन्गिनुईवर आलेल्या हलाखीची नोंद त्या समझोत्यात सरकारने करून ठेवली आहे. पाव शतकानंतर का होईना, गावाच्या वहीचे एक पान लिहिले गेले. त्याच मिन्गिनुईत पुढे न्गाती फारे लोकांनी स्वतःची रोपवाटिका काढली. तेथे परदेशी पाइन नव्हे, तर टोटारा, रिमू अशा देशी वृक्षांची रोपे तयार करण्याचे काम सुरू झाले. ज्या झाडांच्या तोडीवर गाव जगले, त्याच झाडांच्या लागवडीवर गावातील काही हातांना पुन्हा काम मिळाले. आणि २०२१ साली सरकारने आपल्या नव्या वनविभागाला जोडून ‘न्यूझीलंड वनसेवा’ हे १९८७ साली पुसलेले नावही परत घेतले. नाव परत घेणे सोपे असते; त्या नावाखाली काम शिकलेली सात हजार माणसे परत आणता येत नाहीत.

हा इतिहास आपल्याला परका नाही. महाराष्ट्रात १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झाले, गोव्यात १९९७ साली. खाते आणि महामंडळ यांतला फरक काय, असे मुले वर्गात विचारतात तेव्हा मी सांगतो की खात्याला काम सोपवलेले असते आणि महामंडळाला कामाबरोबर ताळेबंदही सोपवलेला असतो. ताळेबंद असणे यात वाईट काही नाही. पण एखाद्या दिवशी त्या ताळेबंदासाठी माणसे कमी करण्याचा ठराव पुढे आला, तर रोजंदारीवर झाडे लावणाऱ्या बायाबापड्यांविषयी त्या कायद्यात कोणते वाक्य लिहिले आहे, हे ठरावापूर्वी वाचून घ्यावे. माओरी लोकांनी आपले वाक्य कायदा होण्याच्या आधी लिहून घेतले होते. वनकामगारांचे वाक्य नीट वाचायला कुणाला सवड झाली नाही.